अण्णांची पत्र्याची पेटी: ठेवू की मंडळाला देऊ?

चाळकरी:
पुढच्या आठवड्यात आमच्या अण्णांचं, म्हणजे आजोबांचं, वर्षश्राद्ध. लालबागच्या खोलीत त्यांची पेटी उघडली. दोन नीकॅप, मातीने कायमची तांबूस झालेली बनियन आणि एक वही. गिरणीतली पाळी संपली की अण्णा थेट कबड्डीच्या मैदानात, डावा कोपरा त्यांचा. घोटा धरला की चढाईला आलेला गडी तिथेच बसायचा. (घरी मात्र मांजरालाही हाकलायचे नाहीत.) वहीत खेळाचं अक्षर नाही! जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हापासून कोणाला किती तांदूळ दिले, कोणाच्या पोराची फी भरली, एवढंच. शेवटच्या पानावर आजीच्या गोळ्यांच्या वेळा.

मातीतला_गडी:
बनियन धुऊ नकोस, बाबा. मॅटवर खेळणाऱ्या पोरांना दाखव. १९९०ला बीजिंग एशियाडमध्ये कबड्डीचं सुवर्ण आलं, त्यामागे असे कितीतरी अण्णा होते.

परळची_मावशी:
पेटी खुशाल दे, वही नको. त्यातली माणसं अजून आसपास राहत असतील. कोणी तांदूळ घेतले ते भिंतीवर कशाला टांगायचं?

चाळकरी:
मावशी, हे डोक्यातच आलं नव्हतं. वही घरीच राहील. आजीला विचारलं तर म्हणाली, "पेटी ने कुठे न्यायची तिथे. गोळ्यांचं पान तेवढं मला फाडून दे."