आठवड्याच्या इंजेक्शननंतर सुईच्या टोकाशी थेंब राहतो. डोस कमी पडला का? आणि दिवस चुकला तर?

निवृत्त_गणितवाला

मी निवृत्त गणित शिक्षक. टाइप टू मधुमेह, बराच जुना. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या वर्षानुवर्षं चालू आहेत. एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.५ च्या खाली यायला तयार नाही, म्हणून डॉक्टरांनी आता आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइडचं पेन सुरू केलंय. सुरुवात ०.२५ मिलिग्रॅमने. पहिला डोस दवाखान्यात सिस्टरने दिला, मला कळलंसुद्धा नाही. दुसरा घरी, रविवारी, माझ्या हाताने. पेन पोटाला लावून मी किती वेळ भिंतीकडे बघत होतो ते विचारू नका. बायको शेवटी म्हणाली, "घ्या आता, नाहीतर मीच टोचते." तिच्या हातात पेन देण्यापेक्षा मीच टोचून घेतलं.

शंका अशा: एक, पेनवरचा डोसचा आकडा शून्यावर आला, सुई बाहेर काढली, तर टोकाशी एक थेंब होता. औषध वाया गेलं का? दोन, रविवार चुकला तर सोमवारी घ्यायचं की सरळ पुढच्या रविवारी? तीन, दर वेळी पोटावर त्याच जागी चालतं का? चार, दोन डोस झाले तरी सकाळची साखर आहे तिथेच आहे. औषध मला लागू पडत नाहीये का?

सुई_आणि_मी

सर, घाबरू नका, सवय होते. मी तर एकच सुई तीन-चार आठवडे वापरतो, काही झालं नाही.

वॉर्डसिस्टर

आधी वरच्या भाऊंसाठी: असं करू नका. सुई वापरली की बोथट होते, जास्त दुखते, आणि पेनवर तशीच ठेवली तर औषध गळतं आणि आत हवा शिरते. मग पुढचा डोस नक्की किती गेला ते कोण सांगणार? टोचून झालं की सुई काढायची आणि जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या डब्यात टाकायची. कचऱ्याच्या पिशवीत नाही, कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागते. आणि पेन घरातल्या दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही, सुई नवी लावली तरी नाही.

आता सर, तुम्ही. मी आयुष्यभर वॉर्डात सुया टोचल्या आणि आता स्वतः हेच औषध घेते, तेव्हा दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

थेंब: शून्य दिसल्यावर लगेच सुई ओढायची नाही. बटण दाबलेलंच ठेवायचं आणि सावकाश सहापर्यंत मोजायचं. औषध त्वचेखाली पसरायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतरही बारीकसा थेंब राहिला तर राहू दे, डोस गेलेला असतो. रक्ताचा ठिपका आला तर कापूस हलकेच दाबून धरा, चोळू नका. आणि रविवारचा थोडा कमी गेला असेल अशा शंकेने पुन्हा टोचायचं नाही.

जागा: पोट किंवा मांडी. पोटावर बेंबीपासून दोन इंच सोडून. दर आठवड्याला जागा थोडी सरकवा. मी एका रविवारी उजवीकडे, पुढच्या रविवारी डावीकडे घेते, कॅलेंडरवर "उ" आणि "डा" लिहिते. स्पिरिट लावलं तर वाळू द्या, ओल्यावर टोचलं की चुरचुरतं. पेन फ्रीजमधून थोडं आधी बाहेर काढून ठेवलं तर गार औषधाचा झोंबरेपणाही कमी होतो. सुई चार मिलिमीटरची, सरळ उभी टोचायची.

चौथ्या शंकेचं उत्तर सोपं आहे. ०.२५ हा शरीराला सवय लावायचा डोस आहे, साखर उतरवायचा नव्हे. साधारण चार आठवड्यांनी ०.५ करतात, खरा हिशेब तिथून सुरू होतो.

पण तुम्ही जे विचारलंच नाही ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ग्लिमेपिराइड! हे इंजेक्शन एकटं असताना साखर धोकादायक खाली सहसा नेत नाही, कारण रक्तात साखर वाढलेली असेल तेव्हाच ते इन्सुलिन सोडायला लावतं. ग्लिमेपिराइडला तेवढी समज नाही. ते साखर असो-नसो इन्सुलिन सोडायला लावतं, आणि इंजेक्शनने भूक कमी झाल्यावर तुम्ही जेवणार अर्धं. डॉक्टरांनी त्या गोळीबद्दल काय सांगितलं? काहीच सांगितलं नसेल तर उद्याच फोन करा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. थरथर, घाम, छातीत धडधड झाली तर लगेच साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज घ्या आणि १५ मिनिटांनी परत तपासा.

निवृत्त_गणितवाला

सिस्टर, गोळीबद्दल खरंच काही बोलणं झालं नव्हतं. फोन करतो. दिवस चुकण्याचं राहिलं.

वॉर्डसिस्टर

हो की. सेमाग्लुटाइडचा नियम पाच दिवसांचा. रविवार चुकला आणि गुरुवारी आठवलं तर गुरुवारी घ्या, पुढचा डोस नेहमीसारखा रविवारी. शनिवारी आठवलं तर तो डोस सोडूनच द्यायचा. दोन डोस एकदम कधीही नाही. कायमचा वार बदलायचा असेल तर दोन डोसांमध्ये कमीत कमी दोन पूर्ण दिवस जाऊ द्या.

बाबांची_धाकटी

एक भर घालते. हा पाच दिवसांचा नियम आठवड्याच्या सगळ्या इंजेक्शनांना नाही. माझ्या बाबांना टर्झेपटाइड आहे, त्यात चार दिवस धरतात. ड्युलाग्लुटाइडमध्ये पुढच्या डोसला निदान तीन दिवस शिल्लक असतील तरच चुकलेला घ्यायचा. त्यामुळे शेजाऱ्याचं ऐकू नये, आपल्या खोक्यातला कागद वाचावा.

बाबांचा हात थरथरतो, म्हणून मीच दंडाच्या मागच्या बाजूला देते. स्वतःला तिथे नीट पोचता येत नाही, दुसरं कोणी देणार असेल तरच ती जागा. त्यांचं पेन एकदाच वापरायचं आहे, आकडा फिरवायचा नसतो, सुई दिसतच नाही. दाबलं की एक "टक" येतो आणि थोड्या वेळाने दुसरा. पहिल्या "टक"लाच उचलायचा मोह होतो, कारण वाटतं झालं!

निवृत्त_गणितवाला

फोन केला. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड निम्म्यावर आणली आणि काही दिवस जेवणाआधी साखर लिहून ठेवायला सांगितली. सिस्टर, तुमचे उपकार.

मधल्या वेळात एक उद्योग केला. कागदात लिहिलंय की हे औषध शरीरातून निम्मं व्हायला साधारण एक आठवडा लागतो. म्हणजे एक डोस १ धरला तर दुसऱ्या डोसनंतर शरीरात १.५, तिसऱ्यानंतर १.७५, चौथ्यानंतर १.८८, पाचव्यानंतर १.९४. भूमिती श्रेढी! कितीही आठवडे घ्या, २ च्या पुढे जात नाही, आणि चार-पाच आठवड्यांत जवळजवळ तिथे पोचतं. डोस वाढवायला चार आठवडे का थांबवतात ते मला आता पटलं. उलटही खरं असणार: त्रास झाला आणि बंद केलं, तरी पुढच्या आठवड्यात निम्मं औषध अंगात आहेच.

वॉर्डसिस्टर

वा, हे मला कोणी असं मांडून दाखवलं नव्हतं. आणि उलटं आहे ते अगदी खरं, म्हणूनच डोस वाढवायची घाई करायची नसते. मळमळ बहुधा डोस वाढल्यावर येते. थोडं थोडं खा, तेलकट टाळा, पोट भरल्यासारखं वाटलं की ताट बाजूला सारा. पाणी पीत राहा. पण पोटात असह्य, न थांबणारी कळ आली, पाठीकडे गेली, सोबत उलट्या झाल्या, तर पुढच्या रविवारची वाट न बघता दवाखाना गाठायचा, स्वादुपिंडाला सूज असू शकते. घरात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. डोळ्यांचा पडदा तपासून घेतलाय ना? साखर झपाट्याने उतरली तर जुना डोळ्यांचा त्रास काही काळ बळावू शकतो. कधी ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या इंजेक्शनबद्दल आधी सांगायचं, पोट रिकामं व्हायला वेळ लागतो म्हणून.

निवृत्त_गणितवाला

डोळे दाखवून झालेत. शेवटची शंका: पुढच्या महिन्यात विमानाने मुलाकडे जायचंय, पेन कसं न्यायचं?

वॉर्डसिस्टर

हातातल्या बॅगेत. खाली सामानात टाकलं तर गोठण्याची भीती, आणि एकदा गोठलेलं पेन वितळल्यावर साधं दिसलं तरी टाकूनच द्यायचं. बर्फाला थेट चिकटवू नका, मध्ये फडकं ठेवा. सुई काढून, टोपण लावून. वापरात असलेलं पेन ३० अंशांपर्यंत बाहेर चालतं, किती आठवडे ते तुमच्या कागदात बघा आणि पेन उघडल्याची तारीख त्याच्यावर लिहून ठेवा. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या, सुया बघून तपासणीला कोणी थांबवलं तर दाखवता येते.