'सॅम्पलर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : युरोपातल्या जुन्या भरतकामावर लिहिते आहे. 'सॅम्पलर', म्हणजे टाके, अक्षरं आणि चित्रं सरावासाठी किंवा नमुना म्हणून भरलेलं कापड. त्यासाठी 'नमुना' फार मोघम वाटतो. दुसरा शब्द सुचवाल का? आणि त्यावरची झाडं, मुकुट, आदम-हव्वा यांचे ठरलेले अर्थ असतात का?

उत्तर : माझं मत 'कित्ता'ला. सॅम्पलरच्या मुळाशी लॅटिन 'एक्झेम्प्लम' आहे, म्हणजे ज्याच्यावरून गिरवायचं ते. कित्ता मूळ अरबी, अर्थ 'तुकडा'. आपल्याकडे तो गिरवायचं अक्षर होऊन रुळला. कापडाचा तुकडा आणि गिरवायचा नमुना, दोन्ही त्यात येतात. छापील नमुने दुर्मीळ होते तेव्हा नवा टाका दिसला की बायका तो अशा पट्टीवर उतरवून ठेवत.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेन बोस्टॉकचा १५९८ सालचा कित्ता आहे. अ‍ॅलिस ली नावाची मुलगी २३ नोव्हेंबर १५९६ला, मंगळवारी दुपारी जन्मली, अशी नोंद त्यावर भरली आहे. वर्णमालेत 'जे' नाही, कारण 'आय' आणि 'जे' तेव्हा एकच अक्षर धरत.

डच लोक याला 'मेर्कलाप' म्हणतात, खुणेचं फडकं. आपण भांड्यांवर नाव घालतो तशी तिकडे चादरी-टॉवेलांवर आद्याक्षरं भरत, आणि मुली त्याचाच सराव करत. मुकुटही तिथूनच आला. खानदानी घरांत अक्षरांवर मुकुट भरत. पुढे मुली ओळीच्या शेवटी उरलेली जागा त्याने भरू लागल्या. म्हणून प्रत्येक मुकुटात गूढ अर्थ शोधू नका.

आदम, हव्वा आणि सापाचं झाड यांची गोष्ट वेगळी. तिथे पापाची शिकवण सरळ आहे. डच कित्त्यांवर काठीला द्राक्षांचा प्रचंड घड लावून नेणारे दोघे दिसतात. ते बायबलमधले हेर, देवाने वचन दिलेल्या कनान देशाच्या सुपीक भूमीचा पुरावा घेऊन परतणारे.

पुन्हा प्रश्न : एलिझाबेथ पार्करचा सॅम्पलर पाहिलात? त्यालाही कित्ताच म्हणायचं?

उत्तर : नाही, तिथे हा शब्द तोकडा पडतो. इंग्लंडच्या ससेक्समधली ही मोलकरीण. १८३०च्या सुमारास तिने लाल रेशमाने, फुलीच्या टाक्यात, आपल्याला लिहिता येत नाही असं सांगत सगळी कर्मकहाणी भरली. मालकाची क्रूरता, आत्महत्येचा विचार, देवाची करुणा भाकणं. फूल नाही, पक्षी नाही, नुसती ओळीमागून ओळ. 'माझ्या आत्म्याचं काय होईल' इथे मजकूर तुटतो आणि खाली कोरं कापड राहतं. ज्या टाक्याने मुलींना अक्षरं आणि सुवचनं गिरवायला लावत, त्याच टाक्यात ती स्वतःचं बोलली. तिच्या कापडाला मी 'भरलेलं निवेदन' म्हणेन.

लेखात पहिल्या उल्लेखाला 'सॅम्पलर, म्हणजे भरतकामाचा कित्ता' असं लिहा, पुढे नुसतं 'कित्ता' चालेल. अनेकवचन 'कित्ते'.