पार्ल्यातल्या फराळाच्या दुकानाच्या पाटीला जाड सेरिफ फॉन्ट चालेल का?

पार्लेकरीण
नमस्कार मंडळी, माझी मावशी पार्ले पूर्वेला फराळाचं छोटं दुकान काढतेय आणि पाटीचं काम माझ्याकडे आलंय. डिझायनर मुलाने एक जाड सेरिफ फॉन्ट (म्हणजे ज्याच्या रेघांच्या टोकांना छोटे पाय असतात तो) दाखवला, उभ्या रेघा चांगल्या दणदणीत आणि आडव्या अगदी केसाएवढ्या, मोबाइलवर बघून मी आणि मावशी दोघी प्रेमातच पडलो. 'फराळ' शब्द इतका भरदार दिसत होता. पण काल प्रिंट काढून समोरच्या फुटपाथवरून बघितलं तर नुसते उभे दांडे दिसतायत, शिरोरेघ गायब, 'ळ' तर ओळखूच येईना. तो म्हणतो पाटी मोठी झाली की दिसेल. खरंच दिसेल का? मला ते रूप सोडवत नाहीये हो.

अक्षरवेडा_गिरगाव
ताई, तुम्हाला जे आवडलंय तोच या फॉन्टचा स्वभाव आहे आणि अडचणही तीच आहे. जाड-बारीक रेघांमधला हा टोकाचा फरक बोदोनीच्या वळणातून आला, इटलीतल्या पार्म्याचा हा मुद्रक १८१३ साली गेला, पण त्याची अक्षरं पुस्तकासाठी होती, गुळगुळीत कागद आणि हातभर अंतर. पुढे लंडनच्या टाइपवाल्यांनी जाहिरातींसाठी उभ्या रेघा फुगवत नेल्या आणि बारीक रेघा तशाच ठेवल्या, त्याला फॅट फेस म्हणतात. म्हणजे जन्मच मुळी ओरडून सांगण्यासाठी, पण भिंतीवरच्या पोस्टरवर, जिथे माणूस जवळ येऊन वाचतो. आपल्याकडे रोझा वन हा फॉन्ट त्याच जातीचा, देवनागरी आणि रोमन (म्हणजे इंग्रजीची अक्षरं) दोन्ही आहेत त्यात, मथळ्याला फार सुंदर दिसतो.
अजून एक, रोमनमध्ये बारीक रेघ गेली तरी अक्षर बहुतेकदा ओळखू येतं, आपल्याकडे शिरोरेघ, मात्रा, रफार गेला तर शब्दच मोडतो. 'शेव' आणि 'शव' यात फरक करणारी ती एक मात्राच ना.

लालबाग_साइनबोर्ड
बावीस वर्षं पाट्या करतोय, स्पष्ट सांगतो. अक्षर १ फूट उंच केलं आणि बारीक रेघ त्याच्या पन्नासाव्या भागाएवढी असली तर ती होते फक्त ६ मिमी, आता ती रस्त्यापलीकडून रिक्षातून जाणाऱ्याला कशी दिसणार सांगा. त्यात अॅक्रिलिकची कटिंग केली तर अशी रेघ बसवताना तुटते, आणि आत एलईडी टाकायचं म्हटलं तर ६ मिमीत नेहमीची पट्टी बसत नाही, त्यामुळे रात्री जाड भाग लखलखतो आणि बारीक भाग काळा. गिऱ्हाईक मग आमच्यावर चिडतं. मी आधी सगळ्यात बारीक रेघ पट्टीने मोजतो, मग बाकीचं बोलतो.
आणि हो, मराठी अक्षर दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाही, २०२२ ला कायद्यात आलंय, तेव्हा इंग्रजी खाली ठेवा आणि लहानच ठेवा.

पार्लेकरीण
दादा, पट्टीने मोजायचं डोक्यातच आलं नव्हतं! पण मग जाडपणा आणि गोडवा दोन्ही हवं असेल तर काय घेऊ? साधा सरळसोट फॉन्ट लावला तर बँकेची पाटी वाटते, मावशीच्या हातच्या चकलीची नाही वाटत.

अक्षरवेडा_गिरगाव
सगळे जाड सेरिफ बारीक रेघेचे नसतात. कूपर ब्लॅक बघा, शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपरने १९२२ मध्ये केलेला, त्याचे सेरिफ गोल, कोपरे मऊ, आणि बारीक म्हणावी अशी रेघच नाही, म्हणून तर इझीजेट या विमान कंपनीचं त्यात लिहिलेलं नाव विमानावर लांबून वाचता येतं. देवनागरीत सेरिफ हा प्रकार तसा नसतोच, आपला जाड-बारीकपणा बोरूच्या तिरक्या कापातून येतो, तेव्हा गोडवा तिथून घ्या. मुंबईच्या रेल्वे स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला यात्रा वन हा फॉन्ट आहे, त्यातलं रोमनही देवनागरीच्या कलमाला धरून काढलंय, त्यामुळे दोन लिप्या शेजारी भांडत नाहीत. नाहीतर मुंबईच्याच 'एक टाइप' नावाच्या फॉन्टवाल्यांचा बलू, गुबगुबीत आहे, लाडवासारखा.
पण तो पहिला फॉन्ट टाकून देऊ नका. डब्याच्या झाकणावर, पिशवीवर, भाऊबीजेच्या गिफ्ट बॉक्सवर लावा, तिथे गिऱ्हाईक हातात धरून बघतं आणि ती केसाएवढी रेघच महाग माल असल्यासारखी वाटते. फक्त 'फराळ' एवढा एकच शब्द मोठ्ठा, खाली किंमत आणि वजन साध्या फॉन्टमध्ये, कारण १० पॉइंटएवढ्या लहान अक्षरात हा जाड फॉन्ट वाचवत नाही.

लालबाग_साइनबोर्ड
बरोबर. आणि खरबरीत खोक्यावर छापणार असाल तर आधी एक खोकं छापून बघा, शाई पसरली की बारीक रेघ बुजते.

पार्लेकरीण
मावशीला आत्ताच फोनवर वाचून दाखवलं. पाटीला यात्रा आणि बलू दोन्हींचे प्रिंट रविवारी समोरच्या केमिस्टच्या शटरवर चिकटवून रात्री आठला लांबून बघणार आहोत, आणि झाकणावर तोच जाड फॉन्ट नक्की. बारीक रेघ किती मिमी येते तेही मोजून इथे टाकते.