सातारा हिल आणि जिम: दोन्ही कसं सांभाळता?

सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी ऐन पावसाळ्यात येते आणि त्यात जिम सोडवत नाही असे बरेच जण आहेत. मार्ग सगळ्यांना माहीत आहे: गावातून यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि आलो तसंच खाली यायचं. आठवडा कसा मांडता, ध्येय कशावरून ठरवता, कुठे बिनसतं ते लिहा. सेट, रेप (एका सेटमधली आवर्तनं), दिवस हवेत. 'मजा आली' छाप प्रतिसादांसाठी फोटोंचा धागा आहे.

मोजपट्टी
आधी सपाट रस्त्यावर १० किमी जीव तोडून पळा आणि वेळ घ्या. एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्याची वेळ काढायचं पीट रीगल या अमेरिकी इंजिनिअरचं सूत्र सोपं आहे: नवं अंतर भागिले जुनं अंतर, त्याचा १.०६ वा घात, गुणिले जुनी वेळ. १० किमी ६० मिनिटांत होत असेल तर सपाट हाफ (२१.१ किमी) साधारण २ तास १२ मिनिटांत. घाटात याहून जास्तच लागणार, म्हणून याच्या आतलं ध्येय लिहूच नका. चढावर घड्याळातला पेस (किलोमीटरला लागणारी मिनिटं) बघू नये, श्वास बघावा. तीन-चार शब्द सलग बोलता येत नसतील तर वेग जास्त आहे, आणि त्याची वसुली उतारावर होते.

ताकदीचं ध्येय वेगळं लिहा, पण एका वेळी एकच ध्येय वाढीचं ठेवा. १६ आठवडे हातात असतील तर पहिले ६ वजनं वाढवा, पुढचे १० वजनं तिथेच राखून किलोमीटर वाढवा. दोन्ही एकदम चढवले की साधारण दीड महिन्यात नडगी किंवा गुडघा बोलायला लागतो.

रानवाट
लोक चढाला घाबरतात, पाय मात्र उतार मोडतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू लांब होत असतानाच अंगाचा भार झेलतात, म्हणून दम शाबूत असूनही शेवटच्या पट्ट्यात पाय लटपटतात. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं.

यावर सगळ्यात कामाचा व्यायाम म्हणजे पायरी-उतरण. साधारण २० सेमीची पायरी, शक्यतो अनवाणी. एका पायावर उभं राहून दुसरा पाय पुढे सोडायचा, तीन सेकंद मोजत खाली जायचं, टाच जमिनीला टेकते न टेकते तोच वर. भिंतीला दोन बोटं लावायची, हात टेकायचा नाही. प्रत्येक पायाला ८ चे ३ सेट. समोर आरसा हवाच: गुडघा अंगठ्याच्या आत झुकला किंवा कंबर एका बाजूला पडली की सेट तिथेच संपला, उरलेले रेप मोजू नका. १२ रेप स्वच्छ निघाले की हातात ५ किलोचं डंबेल घ्या. पायरी उंच करायची घाई नको, त्याने गुडघ्याची वाटी दुखते.

जोडीला दहा दिवसांतून एकदा सौम्य उतारावर १-१ मिनिटाचे ६ तुकडे पळा, पावलं आखूड आणि भराभर. लांब ढांग टाकली की टाच शरीराच्या पुढे पडते आणि ब्रेक लागतो. अशा सरावाचं संरक्षण काही आठवडे टिकतं, त्यामुळे शेवटचा उताराचा सराव स्पर्धेच्या दोन-तीन आठवडे आधी. आदल्या आठवड्यात मुळीच नाही.

लोखंडप्रेमी
पळण्याने ताकद जाते ही भीती अगदीच निराधार नाही. रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० च्या १० आठवड्यांच्या अभ्यासात दोन्ही करणाऱ्यांची ताकद सुरुवातीला वाढली, मग अडली आणि शेवटी थोडी उतरली. दमसास मात्र कमी झाला नाही. पण तिथे दोन्ही प्रकारचा मारा जवळजवळ रोजचा होता. आपल्याला आठवड्यात दोनदा वजनं पुरतात.

स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन उठबस) ५ चे ३ सेट, डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) ५ चे २, आणि सात रेप निघतील असं वजन घेऊन पाचवर थांबायचं. १२-१५ रेपचे दमछाक सेट सोडा, त्याने पाय भरून येतात आणि पुढचे दोन दिवस पळणं नासतं. पोटऱ्या मात्र सोडू नका. टाचा उचलायच्या: गुडघा सरळ ठेवून ८ चे ३, वाकवून ८ चे ३. चढावर वाकवलेल्याचा उपयोग जास्त.

दिवसांचं म्हणाल तर मंगळवारी सकाळी इंटरव्हल (मध्ये थांबत जोरात पळायचे तुकडे), संध्याकाळी वजनं, मध्ये निदान सहा तास. बुधवारी निवांत पळणं. शुक्रवारी हलकी वजनं, रविवारी लांब पल्ला, शनिवारी पायांना हात लावायचा नाही. वजनं 'सोप्या' दिवशी टाकली की सोपा दिवसच उरत नाही. आणि पळायचे बूट घालून स्क्वॉट नको, फोम दबतो आणि घोटा डुगडुगतो.

चाकोरीबाहेर
सायकलवाल्यांसाठी थोडंसं. २०० किमी बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २० तास. पेडलिंगमध्ये उतारासारखा आदळ नाही, म्हणून पायांची वजनं जरा जास्त चालतात. आधी थकतात मान, खांदे, तळहात. वाकून रोइंग (वजन पोटाकडे ओढणं) १० चे ३ आणि दोन्ही हातांत वजन घेऊन ४० मीटर चालणं, एवढं तरी करा.

डाळभात
वजनाच्या किलोमागे दिवसाला १.६ ग्रॅम प्रथिनं धरा. ६० किलोला ९६ ग्रॅम. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅमच असतात, त्यामुळे डाळभातावर (माझं टोपणनाव तेच असलं तरी) हे गणित बसत नाही. सोया चंक्स कोरडे ५० ग्रॅम म्हणजे सुमारे २५, तीन अंडी १८, पनीर १०० ग्रॅम म्हणजे साधारण १८. जेवणावर लगेच चहा नको, लोह कमी शोषलं जातं.

बायकांनी पाळी लांबली किंवा थांबली तर 'व्यायामाने होतं' म्हणून सोडून देऊ नये. बहुतेकदा पोटात जातं त्याहून खर्च जास्त होत असतो, आणि त्यातूनच हाडाला बारीक तडा जाण्याचा धोका वाढतो. किलोमीटर कमी करा, खाणं वाढवा, डॉक्टरांना दाखवा.

लोखंडप्रेमी
शेवटच्या दोन आठवड्यांबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले, इथेच लिहितो. वजन तेच ठेवा, सेट निम्मे करा. पायांचा शेवटचा जड दिवस स्पर्धेच्या आठ-दहा दिवस आधी, पायरी-उतरणही त्याच दिवशी शेवटची. त्यानंतर जिममध्ये फक्त वरचं अंग, तेही अर्ध्या तासात.