मदत हवी आहे: नववीच्या मुलामुलींसाठी ‘फोटोतलं शरीर’ सत्र, कोल्हापूर

मंडळी, दीड तासाचं सत्र ठरतंय. दोन गोष्टी अडल्यात.

पहिली, सेल्फीचा प्रयोग. चेहरा ३० सेंटिमीटरवरून टिपला की दीड मीटरच्या फोटोपेक्षा नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. दोष नाकाचा नाही, अंतराचा. दोन्ही फोटो मागच्या कॅमेऱ्याने, त्याच खिडकीच्या उजेडात काढायचे आणि लांबचा क्रॉप करून चेहरे सारख्या मापाचे करायचे. घोळ इथे होतो: ब्यूटी मोड बंद करूनही काही फोन कातडी गुळगुळीत करतात, जवळ नेल्यावर लेन्स आपोआप बदलते. कोणत्या ॲपमध्ये हे पक्कं बंद करता येतं?

दुसरी, जुने फोटो. आपल्या तालमीतला पैलवान म्हणजे जाड मान, भरलेली छाती, सुटलेलं पोट, आणि त्याला कुणी बेढब म्हणत नव्हतं. आता पोरांना सिक्स पॅकच हवेत. तसे फोटो काढण्याआधी बरेच जण पाणी-मीठ तोडतात, हे त्यांना कळायलाच हवं. गंगावेस, शाहूपुरीकडच्या कुणाकडे १९५०-७० च्या दशकांतले फोटो असतील तर परवानगीसह स्कॅन द्याल का?

वर्गात वजनकाटा किंवा ‘आधी-नंतर’चे फोटो कृपया सुचवू नका, त्याने मुलं एकमेकांनाच मापायला लागतात. फोटो स्टुडिओतलं कुणी समोर बसून दहा मिनिटं रीटचिंग करून दाखवेल का? कंबर आत ओढताना मागच्या फरशीच्या रेषा वाकतात, ते मुलांनी स्वतः पाहायला हवं.