'देल्लामोर्ते देल्लामोरे'ला नुसता झोंबीपट म्हणू नका

जुना_प्रोजेक्टर: परवा भयपटांच्या धाग्यावर एकाने मिकेले सोआवी या इटालियन दिग्दर्शकाच्या या १९९४ च्या सिनेमाचा निकाल तीन ओळींत लावला: "तीच नटी तीनदा कपडे काढते, उरलेल्या वेळात हिरो मुडद्यांची डोकी फोडतो. विनोदी झोंबीपट म्हणून बघा नि विसरा. याला प्रेमकथा म्हणणाऱ्यांनी आधी डोळे तपासून घ्या." तेव्हापासून चैन पडेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

फ्रांचेस्कोचं आडनाव देल्लामोर्ते, मरणाचा. आईचं माहेरचं आडनाव देल्लामोरे, प्रेमाचा. बुफालोराच्या दफनभूमीचा हा राखणदार. पुरलेली माणसं काही दिवसांतच उठतात आणि हा त्यांच्या डोक्यात गोळी घालून परत पुरतो. दारावर थाप पडली की पिस्तूल घेऊन जातो, दुधाचं पातेलं घेऊन जावं तितक्या सवयीने. एका अंत्यविधीला तरुण विधवा दिसते. तिला तो हाडांनी भरलेलं अस्थिगृह दाखवतो आणि तिथेच ती त्याच्यावर भाळते. नवऱ्याच्या ताज्या थडग्यावर दोघं एकत्र येतात, नवरा उठतो, तिला चावतो. ती गेली असं समजून हा तिच्या उशाशी बसून राहतो, आणि चादरीखाली हालचाल दिसताच गोळी घालतो.

पुढे ती पुन्हा उठते. तेव्हा त्याला कळतं, पहिल्या गोळीच्या वेळी ती मेलेलीच नव्हती. माझ्या मते इथून पुढचा सगळा सिनेमा त्या एका गोळीचा हिशेब आहे. तोच चेहरा त्याला परत परत भेटतो, कारण तो त्या गोळीच्या पुढे जाऊच शकत नाही. नटी आन्ना फाल्कीला तीन भूमिका दिल्या त्या यासाठी.

सांगलीकर: त्या तीन ओळी माझ्याच. हिशेब वगैरे तुम्ही घरून आणलाय. सिनेमात काय दिसतं ते बोला. स्काउटची पोरं नि मोटरसायकलवाली टोळी एका अपघातात मरतात, मग ओळीने सगळे उठतात आणि हा एकेकाला टिपतो. मी हसलो. चांगला हसलो. त्यात तत्त्वज्ञान कुठे आहे? इटालियन झोंबीपट म्हणजे दिग्दर्शक फुल्चीचा, १९७९ चा. त्याने सोंग आणलं नाही, भीती दाखवली. नंतरच्यांनी त्याच्यावर शेवया पसरल्या.

जुना_प्रोजेक्टर: सोआवी फुल्चीच्या सेटवरच वाढलाय. फुल्चीच्या १९८० च्या सिनेमात सोआवीने कामही केलंय, मग भयपटवाल्या अर्जेंतोचा सहायक होता. घरचाच मुलगा तो, बाहेरून येऊन शेवया पसरणारा नव्हे.

खिडकीतली: दोघंही दुसऱ्या बाईबद्दल गप्प का? पहिली विधवा. दुसरी महापौरांच्या कचेरीतली, जिला शरीरसंबंधाची भीती आहे. तिच्यासाठी हा डॉक्टरकडे जाऊन स्वतःला नपुंसक करून घ्यायला बघतो. इथपर्यंत ठीक, करुणही आहे. पुढे ती सांगते, साहेबाने बळजबरी केली, त्यामुळे भीती गेली आणि आता त्याच्याशीच लग्न करतेय. बलात्काराने बाई "बरी" होते! हे लिहिताना कुणाचा हात थांबला नाही? मी तिथे सिनेमा बंद केला होता. दोन वर्षांनी उरलेला पाहिला. आणि तिघींपैकी एकीलाही नाव नाही.

जुना_प्रोजेक्टर: नाव नाही कारण आपण सगळं फ्रांचेस्कोच्या डोक्यातून बघतो. त्याला ती माणूस म्हणून दिसतच नाही, हाच त्याचा दोष.

खिडकीतली: दोष दाखवणं वेगळं आणि त्यावर प्रेक्षकांना हसवणं वेगळं. तो प्रसंग हसण्यावारी नेलाय. तुम्हाला आवडतो म्हणून त्याची वकिली करू नका.

भाडेकरू: थोडं अवांतर. मला यातला सगळ्यात खरा माणूस फ्रांको वाटला, पालिकेतला कारकून. मुडदे उठतात हे वर कळवायचं तर इतके कागद भरावे लागतील की फ्रांचेस्कोला गोळी घालणं सोपं वाटतं. लोक यावर हसतात. मी बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी पाच महिने फिरलोय. नावातल्या 'त्रय'चा कुणीतरी 'त्रेय' केला. आधार कार्डावर एक, दाखल्यावर दुसरं, बँक म्हणते हे दोन वेगळे गृहस्थ. खिडकीपलीकडच्या बाई मला म्हणाल्या, "ते स्वतः आले असते तर लगेच झालं असतं."

मिसळप्रेमी: आईशप्पथ! आमच्याकडे आजोबांचं वय चुकलं होतं. स्मशानातली पावती, डॉक्टरांचं सर्टिफिकेट, सगळं जोडलं. तरी ॲफिडेव्हिट आणा.

सांगलीकर: २१ दिवसांच्या आत नोंद झाली की त्रास नसतो. लोक दिवसकार्य उरकेपर्यंत थांबतात नि मग ओरडतात. मी त्याच खात्यात नोकरी केली आहे. एका टेबलावर रोज किती कागद येतात ते बसून बघा एकदा.

भाडेकरू: आमची नोंद चौथ्या दिवशी झाली होती. चूक तुमच्या टेबलावर झाली.

सांगलीकर: माझ्या टेबलावर नाही. तोंड सांभाळा.

भाडेकरू: माझी आई पाच महिने पेन्शनशिवाय होती. तोंड तुम्ही सांभाळा.

खिडकीतली: दोघांनी जरा थांबा. भाडेकरू, वाईट वाटलं वाचून. आईची पेन्शन सुरू झाली का?

भाडेकरू: सहाव्या महिन्यात झाली. शेवटी एका तरुण क्लार्कने स्वतः रजिस्टर काढून पान दाखवलं. मूळ नोंदीत 'त्रय'च होतं, निळ्या शाईत, स्वच्छ. टाइप करणाऱ्याने चुकवलं. त्या पानावरून बोट फिरवलं मी.

सांगलीकर: असं होतं, नाकारत नाही. एका अक्षराने घरं अडतात, मी पाहिलंय. माझं बोलणं लागलं असेल तर मागे घेतो. सिनेमाबद्दलचं मात्र घेत नाही.

रानमांजर: उशिरा येतेय. फ्रांचेस्कोचं प्रेम मलाही पटत नाही, पण न्यागीचं पटतं. तो मुका, लठ्ठ मदतनीस, 'न्या' एवढंच बोलणारा. महापौरांची मुलगी दिसल्यावर धांदलीत तिच्यावरच ओकतो. ती अपघातात जाते, तर तिचं तुटलेलं डोकं उकरून आणतो आणि फुटक्या टीव्हीच्या खोक्यात ठेवतो. ते डोकं त्याच्याशी गोड बोलतं. फ्रांस्वा आजी-लाझारो मूळचा फ्रेंच गायक-वादक, पण इथे नुसत्या डोळ्यांनी काम केलंय. अख्ख्या सिनेमात दुसऱ्याकडून काही न मागता जीव लावणारा तेवढा एकच.

जुना_प्रोजेक्टर: हे मान्य करावं लागेल. मी फाल्कीच्या तीन रूपांत अडकलो आणि न्यागी माझ्या पोस्टमधून चक्क गळला. खिडकीतली यांचं दुसऱ्या बाईबद्दलचं म्हणणंही काल रात्री तो भाग परत पाहून पटलं, पटवून घ्यायची इच्छा नसताना. तिथे दिग्दर्शक चुकलाच.

मिसळप्रेमी: पण हा डिलन डॉग कॉमिकवरचाच सिनेमा ना? फ्रांचेस्को झालेला रुपर्ट एव्हरेट सेम त्या डिलनसारखा दिसतो.

जुना_प्रोजेक्टर: उलटं आहे. तित्सियानो स्क्लावीचा डिलन डॉग १९८६ चा, त्याचा चेहराच एव्हरेटवरून काढला होता. सिनेमा स्क्लावीच्या वेगळ्या कादंबरीवरचा, ती छापली गेली १९९१ मध्ये.

सांगलीकर: रानमांजर, तुमच्यामुळे शेवट पुन्हा लावला. दोघं गाव सोडून गाडीने निघतात, बोगद्यापलीकडे रस्ताच तुटलेला. पुढे जगच नाही. तिथे न्यागी पहिल्यांदा नीट बोलतो, मला घरी न्याल का म्हणतो. आणि फ्रांचेस्को उत्तर देतो, "न्या." इटालियनमध्ये तो निरर्थक आवाज आहे. मी मराठी माणूस, मला ते मराठीतच ऐकू आलं. एकाने न्याल का विचारावं आणि दुसऱ्याने न्या म्हणावं, दोघांनाही कुणीतरी घरी न्यायला हवंय. दोनदा मागे नेऊन ऐकलं. प्रेमकथा म्हणणार नाही अजूनही, पण "बघा नि विसरा" तेवढं खोडतो.