इंजिनचं काम करू की इंजिनच बदलू? मदत हवी आहे
मंडळी, 2013 ची डिझेल गाडी आहे, 1 लाख 70 हजार किमी झालेत, परवा वरंध घाटात रेडिएटरचा पाईप फुटला आणि टेंपरेचरचा काटा लालवर गेलेला लक्षात येईपर्यंत गाडी तशीच दोन-तीन किमी चढली. आता ऑइल दुधाच्या चहासारखं झालंय, म्हणजे पाणी मिसळलंय. एक मिस्त्री म्हणतो हेड (इंजिनचा वरचा भाग) फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, नवं गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) टाकू, 25 हजारात होईल, दुसरा म्हणतो ब्लॉकला (इंजिनच्या मुख्य सांगाड्याला) क्रॅक असेल तर सगळा खर्च वाया, सरळ दुसऱ्या गाडीचं जुनं इंजिन बसवा, 70 हजार. पण मग आरसीवर नवा इंजिन नंबर चढवायला आरटीओच्या फेऱ्या आल्याच. वडिलांनी घेतलेली गाडी आहे, विकवत नाही हो. आधी हेड उघडून प्रेशर टेस्ट (क्रॅक आहे का ते बघायची) करून मगच ठरवावं का? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.